नकाशा, मोबाईल आणि आपले शिवार: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात नकाशावाचन शिकवताना लोक जे विचारतात, त्यातले हे प्रश्न. बहुतेक एकाच काळजीतून येतात. पडद्यावर दिसते ते आणि पायाखाली आहे ते जुळत नाही, पण कचेरीत पडद्यावरचेच धरले जाते.

मोबाईल आणि संगणकामुळे जमिनीचे रूप बदलते, हे म्हणणे जरा जास्तच नाही का?

नाही. डोंगर फोडते ते जेसीबी. पण कुठला डोंगर फोडायचा, रस्ता कुणाच्या शिवारातून काढायचा, कुठले गाव जंगलात धरायचे, पुराची रेघ कुठवर ओढायची, हे आज पडद्यावरच्या नकाशावर ठरते. मोजणीदार गावात येतो तेव्हा निम्मे काम आधीच झालेले असते.

काही बदल थेटही होतात. फोनवरून चालू-बंद होणाऱ्या मोटारीने उसाचे पाणी बदलले, रीलमुळे धबधब्याकडची पायवाट रुंदावली. पण सगळ्यात मोठा बदल गुपचूप होतो. जे नकाशात नाही, त्याचा विचार आखणीत होत नाही. जुनी पाणंद, पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा, गायरानातले पाणवठ्याचे खड्डे, चव्हाट्याची मोकळी जागा यांना पडद्यावर रंग नसेल, तर तिथे प्लॉट पडायला वेळ लागत नाही. म्हणून आमचा आग्रह एकच आहे: ज्यांचे पाय या जमिनीवर आहेत, त्यांनी हा नकाशा वाचावा, तपासावा, आणि चुकला असेल तर लेखी सांगावे.

दिशांक ॲपवर माझा बांध शेजाऱ्याच्या शेतात दिसतो. खरे काय मानायचे?

दिशांक हे कर्नाटकच्या राज्य दूरसंवेदन केंद्राने केलेले ॲप. तुम्ही उभे असाल तिथला सर्व्हे नंबर ते सांगते. फार उपयोगी आहे, आणि त्याच्यामुळे फार भांडणेही लागतात.

ॲपवर दोन चुका एकत्र येतात. पहिली फोनची. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनचे जीपीएस साधारण पाच मीटर इकडे-तिकडे दाखवते, झाडीखाली त्याहून जास्त. दुसरी नकाशाची, आणि ती समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

आपल्या भागाची मूळ मोजणी मुंबई इलाख्याच्या काळातली. विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी १८३५ साली इंदापुरापासून जी पद्धत सुरू केली, तीच पुढे दक्षिण मराठा मुलखात, म्हणजे बेळगाव-धारवाडकडे आली. साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६ आणे. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १,०८९ चौरस फूट, तो एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. कर्नाटकच्या उताऱ्यावर एकर-गुंठे-आणे हा हिशेब अजून चालतो. पलीकडे चंदगड, कागलच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना जमीन असलेल्या घरात दोन्ही हिशेब तोंडपाठ असतात.

त्या साखळीने घेतलेल्या मापांवरून गावनकाशे हाताने काढले गेले. शंभराहून जास्त वर्षे ते घडीत राहिले, आकसले, फाटले, पुन्हा उतरवले गेले. मग ते स्कॅन करून उपग्रहाच्या चित्रावर बसवले. गावाच्या एका कोपऱ्यात ते चित्राशी नेमके बसले तर दुसऱ्या कोपऱ्यात सरकतात. शंभर मीटर लांबीच्या बांधाला पाच मीटरची चूक धरली तरी ५०० चौरस मीटर होतात, म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. एवढ्यावर दोन भाऊ कोर्टात जातात.

तेव्हा दिशांकवरची रेघ हा हद्दीचा पुरावा नाही. सर्व्हे नंबर ओळखायला, सरकारी पड, तळे, नाला आसपास आहे का हे बघायला, आणि जमीन घेताना दाखवलेली जागा तीच आहे ना याची खात्री करायला ते जरूर वापरा. ॲप बघून हद्दीचा दगड मात्र कधीही हलवू नका.

मग पक्की मोजणी कशी होते? तो काठीवरचा गोल डबा काय असतो?

त्याला रोव्हर म्हणतात. तो उपग्रहांचे संदेश तर घेतोच, शिवाय कायमच्या बसवलेल्या संदर्भ केंद्रांकडून दुरुस्ती घेतो. त्यामुळे चूक मीटरवरून सेंटिमीटरवर येते. पूर्वी दोन दिवस लागणारे काम तासाभरात उरकते.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. रोव्हर एखादा बिंदू अचूक सांगतो. तो बिंदू तुमच्या हद्दीचा आहे की नाही, हे तो सांगत नाही. ते मूळ टिप्पण (मोजणीच्या वेळी घेतलेली मापे), आकारबंद (सर्व्हे नंबरच्या क्षेत्राची आणि आकारणीची नोंद) आणि पोटहिश्शाच्या कागदांवरून ठरते. म्हणून मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना नोटीस मिळाली आहे ना ते बघा, स्वतः हजर राहा, जुने दगड, बांधावरचे आंब्या-फणसाचे झाड, विहीर असे जे जुने असेल ते दाखवा, आणि हरकत असेल तर त्याच दिवशी लिहून द्या. जमिनीचा तुकडा विकताना किंवा वाटणी करताना लागणारा ११-ई नकाशाही याच मोजणीतून निघतो.

जुने दप्तर स्कॅन करण्याचे काम कर्नाटकात सध्या ‘भू सुरक्षा’ नावाने चालू आहे. ते चांगलेच आहे, कारण कसर आणि ओल कुणाची वाट बघत नाही. पण आपल्याकडच्या जुन्या कागदांत मोडी लिपीतले कागदही निघतात, आणि स्कॅन केल्याने मोडी वाचता येत नाही. गावात मोडी जाणणारे कुणी असेल, तर घरातले असे कागद त्यांच्याकडून आताच वाचून घ्या.

गावठाणावर ड्रोन उडवला आणि घरांभोवती चुना का मारला?

ती स्वामित्व योजना. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने ती सुरू केली, आणि पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही होते. शेतजमिनीला उतारा असतो, पण गावठाणातल्या घर-परसाला मोजणीचा नकाशाच नव्हता. चुन्याची रेघ ड्रोनच्या फोटोत स्पष्ट उठते, म्हणून आधी मालकांनी आपापली हद्द चुन्याने दाखवायची, मग उड्डाण, मग नकाशा, मग हरकती, आणि शेवटी मिळकतपत्र असा तो क्रम आहे.

खरा निर्णय ड्रोन उडण्याआधीच, चुना मारताना होतो. गल्लीची रुंदी, देवळापुढचा पार, सामाईक विहीर, मळणीचे खळे, गणपती विसर्जनाची वाट, यांची रेघ त्या दिवशी कुणी मारली नाही, तर ती जागा शेजारच्या घरात धरली जाऊ शकते. खासगी जागेसाठी मालक धावतो, सामाईक जागेसाठी पंचायतीने धावायचे असते. आपल्या गावात हे झाले असेल, तर पंचायतीत जाऊन कच्चा नकाशा मागून बघा.

उतारा ऑनलाइन झाला. त्याचा शिवाराशी काय संबंध?

कर्नाटकात भूमी प्रकल्पाने २००० च्या सुमारास हस्तलिखित उतारे संगणकावर आणले. तलाठ्याकडे फेऱ्या मारायचे दिवस गेले, नाडकचेरीत, म्हणजे गावाजवळच्या महसूल कचेरीत, मिनिटात प्रत मिळू लागली. आता ती घरबसल्याही निघते. सामान्य शेतकऱ्याची ही मोठी सोय झाली, यात शंका नाही. मराठी शेतकऱ्याला उतारा कन्नडमध्येच मिळतो ही अडचण मात्र कायम आहे. सही करण्याआधी दोन्ही भाषा येणाऱ्या विश्वासू माणसाकडून तो वाचून घ्या.

जमीन बघणे सोपे झाले तशी ती विकणेही सोपे झाले. पुण्या-बेंगळुरूत बसलेला माणूस आज सर्व्हे नंबर, उतारा आणि उपग्रह चित्र बघून येळ्ळूर रस्त्याला किंवा जांबोटीकडे जागा ठरवतो. वडगाव, शहापूर, येळ्ळूर भागातला सुवासिक बेळगाव बासमती ज्या शिवारांत पिकायचा, तिथे ले-आउटचे दगड उभे राहिलेले आपण बघतो आहोत. त्या चित्रात भाताचा वास येत नाही, आणि पावसाळ्यात त्या खाचरात किती पाणी थांबते तेही दिसत नाही.

बेळगावजवळच्या बळ्ळारी नाल्याचे पाणी दरवर्षी शेतात शिरते. संगणकावर हे आधी कळत नाही का?

कळू शकते, आणि म्हणूनच याचा जास्त त्रास होतो.

जमिनीच्या उंच-सखलपणाचा संगणकी नकाशा असतो. त्यावरून पाणी कुठून कुठे वाहील हे काढता येते. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानाने रडारने जगाच्या मोठ्या भागाची उंची मोजली, आणि ती आकडेवारी आज कुणालाही फुकट मिळते. पण तिच्यात एकेक चौकोन ३० मीटरचा आहे. सह्याद्रीच्या दरीसाठी तेवढे पुरते. शहापूर, वडगाव, अनगोळ, जुने बेळगाव, हलगा इथल्या जवळजवळ सपाट शिवारासाठी ते पुरत नाही, कारण तिथे दीड-दोन फुटांच्या फरकाने पाणी दिशा बदलते. भराव घालून केलेला रस्ता, बुजलेली मोरी, गाळाने भरलेले पात्र त्यात दिसतच नाही.

अशा जागी शेतकऱ्याचे सांगणे मोजणीइतकेच मोलाचे आहे. कुठल्या वर्षी पाणी कुठल्या बांधापर्यंत आले, किती दिवस थांबले, कुठली मोरी तुंबते, हे तो सांगू शकतो. हलगा–मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला, न्यायालयात लढले. त्यांच्या म्हणण्याकडे केवळ जमीन देण्या-न देण्याचा वाद म्हणून बघणे बरोबर नाही. सुपीक सखल शिवारात भराव पडला की पाण्याची वाट बदलते, ही जमिनीवरची माहितीही त्यात होती.

करण्यासारखे काम हे: पाणी शिरले की उभे पीक आणि पाण्याची रेघ यांचे फोटो जागेच्या नोंदीसह काढा. फोनच्या कॅमेऱ्यात ठिकाणाची नोंद चालू ठेवली की अक्षांश-रेखांश आणि वेळ आपोआप जोडले जातात. दोन-तीन पावसाळ्यांचे असे फोटो एकत्र ठेवले, की गावाचा स्वतःचा पूरनकाशा तयार होतो, आणि महापालिका किंवा पाटबंधारे खात्यापुढे तो ठेवता येतो.

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या पुराचे काय? २०१९ ला इशारा असूनही गावे अडकली.

पावसाळ्यात निपाणी-चिकोडीचा माणूस सकाळी उठून आधी आकडे बघतो: कोयनेतून किती सोडले, कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) येते, आलमट्टीतून किती जाते. पूर्वी हे आकाशवाणीवर किंवा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळायचे, आता मोबाईलवर येते. कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले आहेत, आणि महाराष्ट्रात कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी पाऊस व पाणीपातळी तत्काळ कळवणारी यंत्रणा आहे.

अडचण अशी की पाऊस पडतो महाबळेश्वर, राधानगरी, भुदरगडकडे, आणि पाणी चढते कल्लोळ, येडूर, कारदगा, भोज, सदलग्याला. खोरे एक आणि कारभार दोन राज्यांचा. धरणातून किती सोडणार हे वरच्यांनी खालच्यांना किती लवकर कळवले, यावर गावाला मिळणारे तास ठरतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात हे दिसले. दूधगंगेवरचा कारदगा–भोज, वेदगंगेवरचे जत्राट–भिवशी आणि अकोळ–सिदनाळ, कृष्णेवरचा कल्लोळ–येडूर हे बंधारा-पूल पाण्याखाली गेले की निम्मा संपर्क तुटतो. बंधाऱ्यावर पाणी किती आले हे क्युसेकच्या आकड्यावरून प्रत्येकाला कळत नाही. ‘राजापूरला एवढे क्युसेक म्हणजे आपल्या मरगूबाईच्या देवळाच्या पायरीला पाणी’ असा तक्ता गावागावाने आपल्या अनुभवावरून करून पंचायतीच्या भिंतीवर लावावा, असे मला कळकळीने वाटते. त्याला खर्च नाही.

पुराची व्याप्ती नंतर उपग्रहावरून मोजतात. साधा उपग्रह ढगांतून बघू शकत नाही, आणि पूर तर ढगांच्या दिवसांतच येतो. म्हणून रडार उपग्रह लागतात. त्यांच्या लहरी ढगांतून आरपार जातात आणि साचलेले पाणी काळे दिसते. युरोपचा सेंटिनेल-१ हे काम २०१४ पासून करतो. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला इस्रो आणि नासाचा निसार उपग्रहही रडारचाच आहे. मात्र उपग्रह गेला त्या वेळी पाणी ओसरलेले असेल, तर तुमचे शेत चित्रात कोरडे दिसेल. म्हणून नुकसानीच्या अर्जाला स्वतःचे फोटो आणि पंचनामा जोडायचाच. ‘उपग्रहात दिसत नाही’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका.

खानापूरची गावे पश्चिम घाटाच्या संवेदनशील यादीत कशी आली? कुणी येऊन बघितले का?

पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जपायच्या गावांची ही यादी मुख्यतः उपग्रह चित्रावरून झाली, आणि तिच्यावरचा राग समजून घ्यायचा तर ती कशी झाली ते समजले पाहिजे.

माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. तिने संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानला, साधारण नऊ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून त्यांचे मोल ठरवले, आणि निर्णयात ग्रामसभेला मोठी जागा दिली. त्यानंतर के. कस्तुरीरंगन यांच्या गटाने २०१३ मध्ये दुसरी वाट धरली. त्यांनी उपग्रह चित्रांवरून घाटाचे दोन भाग केले: जिथे वस्ती, शेती, बागा आहेत ते सांस्कृतिक भूदृश्य, आणि जिथे रान आहे ते नैसर्गिक भूदृश्य. सुमारे ६० टक्के पहिल्यात आणि ४० टक्के दुसऱ्यात गेले. नैसर्गिक भागातले मोलाचे तुकडे निवडून सुमारे ६०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे घाटाचे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील ठरले. हिशेबाचा घटक गाव होता. गावाच्या क्षेत्रापैकी ठराविक भाग त्यात येत असेल तर अख्खे गाव यादीत.

आता कणकुंबी, जांबोटी, गवाळीकडचे कुठलेही गाव डोळ्यांपुढे आणा. घरामागे काजू, त्याच्यामागे फणस-आंब्याची परसबाग, मग भाताची खाचरे, मग बेटाबेटाने रान, मध्ये देवराई, आणि पूर्वी जिथे कुमरी (रान तोडून-जाळून केलेली फिरती) शेती व्हायची तिथे आता दाट झालेली झाडी. इथे सांस्कृतिक कुठे संपते आणि नैसर्गिक कुठे सुरू होते? देवराई तर माणसाने देवाच्या नावाने राखली म्हणून रान राहिली. खानापुरात माणूस आणि जंगल यांच्यात सरळ रेघ कधीच नव्हती. चित्राला मात्र रेघ लागते.

तरीही यादीत येणे म्हणजे गाव उठणे, ही भीती खरी नाही. केंद्राच्या अधिसूचनेच्या मसुद्यात बंदी आहे ती खाणी, दगड-वाळू उपसा, नवे औष्णिक वीज प्रकल्प, अतिप्रदूषक उद्योग आणि प्रचंड बांधकामांवर. शेती करू नका, घर बांधू नका असे त्यात नाही. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात सहा राज्यांतले सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. कर्नाटक सरकारचा याला विरोध आहे. केरळने गावोगाव प्रत्यक्ष पाहणी करून आपले क्षेत्र १३,१०८ वरून ९,९९३ चौरस किलोमीटरवर आणून घेतले. आपल्याकडेही सर्व्हे नंबरवार पाहणी व्हायला हवी, आणि ती रान कमी दाखवण्यासाठी नव्हे, खरे दाखवण्यासाठी. माझे मत स्पष्ट आहे: म्हादई आणि मलप्रभेचे उगम असलेले हे रान खाणीपासून वाचलेच पाहिजे, आणि ते राखणाऱ्या माणसाला न विचारता ते वाचणार नाही.

माझी काजूची बाग उपग्रहाला जंगल दिसते का?

बहुधा हो. भारतीय वन सर्वेक्षण संस्था दर दोन वर्षांनी वनाच्छादन मोजते. तिची व्याख्या अशी: एक हेक्टर किंवा अधिक जागा, झाडांची सावली दहा टक्क्यांहून जास्त, मग मालक कुणीही असो आणि झाड कुठलेही असो. त्यात बागा, बांबू, निलगिरी, अकेशियाची लागवडही येते. चित्रातला एक ठिपका साधारण २३.५ मीटरचा, त्यात आईन-किंदळाचे जुने रान आणि दहा वर्षांची अकेशिया यांचा फरक सहज कळत नाही.

त्यामुळे ‘वनाच्छादन वाढले’ अशी बातमी आली तरी खानापूरच्या भीमगड अभयारण्याभोवतीचे जुने रान वाढले असे होत नाही. झाडांचा हिरवा रंग मोजला जातो. झरे, किडे-पाखरे, वटवाघळे त्यात नसतात. तिथल्या बारापेडे गुहांत राहणारे राटनचे वटवाघूळ जगात मोजक्याच ठिकाणी सापडते. त्याचा शोध उपग्रह चित्रात लागणार नाही. कानाला न ऐकू येणारे आवाज टिपणारे यंत्र घेऊन रात्री गुहेपाशी थांबावे लागते.

वनहक्काच्या दाव्याला ‘उपग्रह चित्रात शेती दिसत नाही’ म्हणून नकार देता येतो का?

फक्त तेवढ्या कारणाने नाही. वनहक्क कायदा २००६ चा; ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा हवा. २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटले आहे की उपग्रह चित्र हा इतर पुराव्यांना जोडपुरावा आहे, त्यांची जागा ते घेऊ शकत नाही. वडीलधाऱ्यांचे जबाब, जुन्या दंडाच्या पावत्या, घराचे जोते, थडगी, देवस्थाने हेही पुरावे आहेत. गवळी-धनगर वाड्यांसाठी हे विशेष महत्त्वाचे, कारण गुरे चारण्याची वहिवाट कुठल्याही चित्रात उमटत नाही. नकार लेखी मागा, कारण लिहून मागा, आणि मुदतीत अपील करा.

मोबाईलवरच्या नकाशाने गाड्या भीमगडच्या जंगलात नेल्याचे ऐकले. असे का होते?

डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याला निघालेले एक कुटुंब शिरोली–हेम्माडगा बाजूने रानात शिरले. रस्ता संपला, फोनला रेंज नव्हती, रात्र गाडीत काढावी लागली. सकाळी काही किलोमीटर चालल्यावर रेंज मिळाली, ११२ वर फोन लागला आणि खानापूर पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. वाट शोधणारी गणिते अंतर आणि वेळ बघतात. वन खात्याचा कच्चा रस्ता नकाशात रस्ता म्हणून नोंदलेला असेल, तर पावसाळ्यात तो बंद असतो हे गणिताला कुणी सांगितलेले नसते. चोर्ला किंवा रामनगर-अनमोड मार्गानेच जा, आणि फाट्यावरच्या हॉटेलात विचारा.

धबधब्यांचे रील टाकण्यात गैर काय? गावाला चार पैसे मिळतात.

पैसे मिळतात ते रस्त्यावरच्या चहा-भज्यांच्या गाड्यांना, आणि ते मिळू देत. पण वज्रपोहा, सुर्ला किंवा चिगुळेकडच्या एखाद्या नाल्याचे नेमके ठिकाण टाकले, की दोन रविवारांत तिथे शेकडो माणसे उतरतात. जांभ्यावरचा मातीचा थर पातळ असतो. पायवाट एकदा उखडली की तिचाच ओहोळ होतो. बाटल्या नदीत जातात. शिवाय माणसे वाहून जातात, आणि शोधायला उतरतात गावातलीच पोरे. वन खाते पावसाळ्यात खानापूरच्या धबधब्यांवर बंदी घालते ते याचमुळे. फोटो टाका, फक्त नेमके ठिकाण टाकू नका. तालुक्याचे नाव पुरे.

मग जंगलातल्या गावात टॉवर नको म्हणायचे का?

नको कसे म्हणायचे? बाळंतीण अडली, साप चावला तर १०८ ला फोन करायला टेकडीवर पळावे लागते, हे कुठल्याही नियमाने योग्य ठरत नाही. सुमारे १९० चौरस किलोमीटरच्या भीमगड अभयारण्यात टॉवर कुठे आणि त्याची वाहिनी कुठून, यावर बोलता येईल. माणसे राहतात तोवर रेंज द्यायलाच हवी.

मोबाईल स्टार्टर, लेझर लेव्हलर, ड्रोन फवारणी: शेतात याने काय फरक पडतो?

मोबाईल स्टार्टरने रात्री दोनला उठून विहिरीवर जाणे वाचले. साप, गवे, विजेचा शॉक यांतून कितीतरी जण सुटले. पण मोटार घरातून चालू होते म्हटल्यावर ती बंद करायचे विसरते. थ्री-फेज वीज असेपर्यंत पाणी चालूच. उसाच्या पट्ट्यात, विशेषतः चिकोडी-रायबागकडे, त्याने बोअरचे पाणी आणि जमिनीचा क्षार या दोन्हींवर ताण येतो. वेळ लावता येईल असा स्टार्टर घ्या.

लेझर लेव्हलर, म्हणजे लेझरच्या मदतीने शेत एका पातळीत आणणारे यंत्र. त्याने काळ्या सपाट रानात पाणी सारखे बसते. खानापूर, बेळगुंदी, उचगावकडच्या उताराच्या तांबड्या जमिनीत मात्र तो सावधपणे चालवा: वरची सुपीक माती एका बाजूला जाते, जुने बांध मोडतात, आणि बांधासोबत त्याच्यावरचे गवत आणि झाडेही जातात.

ड्रोन फवारणी उंच उसात सोयीची आहे. शेजारी मधाच्या पेट्या किंवा भाजीपाला असेल तर आधी सांगा. सांबऱ्याचा विमानतळ आणि कॅम्पातला लष्करी भाग लक्षात ठेवून सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा ड्रोनबंदीचा नकाशा बघितल्याशिवाय कुठलाच ड्रोन उडवू नका, लग्नाचा तर नाहीच.

मोबाईलच्या नकाशात आमचे गाव कर्नाटकात दाखवतात. याने सीमाप्रश्नावर काही परिणाम होतो का?

नाही. नकाशे आजच्या कारभाराची सीमा दाखवतात, जी १ नोव्हेंबर १९५६ च्या पुनर्रचनेतून आली. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि निकाल तिथे लागेल.

माझ्या गावाचे जुने रूप बघायचे असेल तर?

गूगल अर्थ संगणकावर उघडा आणि जुन्या तारखांची पट्टी मागे सरकवा. कणकुंबीला कळसा नाल्याचे खोदकाम, बेळगावभोवतीचे ले-आउट, आटलेली तळी एकेका वर्षाने दिसतात. इस्रोचे भुवन २००९ पासून आहे. सेंटिनेल-२ ची दहा मीटरची चित्रे फुकट मिळतात. जानेवारीचे चित्र जानेवारीशीच ताडा. पावसाळा संपल्यावरची हिरवाई आणि एप्रिलचा माळ यांची तुलना करून रान वाढले-घटले म्हणता येत नाही.

नकाशात आमचा ओढा आणि पाणंद नाही. ती कशी घालायची?

दोन ठिकाणी काम करावे लागते. सरकारी नोंदीसाठी भूमापन खात्यातून मूळ गावनकाशाची नक्कल घ्या. त्यात ओढा असेल आणि आज बुजवलेला असेल, तर सर्व्हे नंबरसह तहसीलदारांकडे अर्ज करा, पोच घ्या. नकाशातच नसेल तर ग्रामसभेत ठराव करून घ्या.

दुसरे ठिकाण म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. २००४ पासून चालणारा हा नकाशा कुणालाही दुरुस्त करता येतो, आणि एकाच जागेला मराठी, कन्नड, इंग्रजी अशी वेगवेगळी नावे देता येतात. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय नागरिकांना नकाशे करायला आधी परवानगी लागत नाही. लष्करी ठिकाणे मात्र टाकायची नाहीत. फोनवर वाटेची नोंद चालू करून ओढ्याच्या काठाने मुखापासून उगमापर्यंत चालत जा. सोबत शिवार जाणणारे एखादे आजोबा किंवा गुराखी घ्या, टेकाड, मळी, वड, पाणवठा यांची नावे विचारत जा आणि तिथल्या तिथे लिहून घ्या. ओढा पावसाळ्यापुरता वाहत असेल तर तशी नोंद करा. कुणाच्या घराचे, शेताचे मालक म्हणून नाव टाकू नका. वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, तीच वाट पुन्हा चाला. गेल्या वर्षीची नोंद आणि आजची वाट यांत कुठे भराव पडला ते लगेच कळते, आणि अर्जाला जोडायला तारखेसह पुरावा हातात असतो.